सोसायटी ग्रुप : ‘दोन महिने दुखतंय, पण तिने सांगितलंच नाही’

वारजे, पुणे. सभासदांचा ग्रुप, मंगळवार रात्र.

बी-५०३, ९.१०
टँकरच्या विषयात मध्येच लिहितेय, माफ करा. खेळणाऱ्या मुलांचे बरेच पालक इथे आहेत म्हणून विचारते. माझी लेक १२ वर्षांची, बॅडमिंटन खेळते. लिफ्ट बंद होती म्हणून आज जिन्याने उतरलो, तर ती कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. विचारलं तर म्हणे काही नाही. रात्री तेल लावायला बसले, तर उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलंय आणि तिथे हातसुद्धा लावू देईना. मग रडत रडत सांगितलं की गणपतीपासून दुखतंय. दोन महिने! रविवारी बालेवाडीला स्पर्धा आहे. कोच म्हणतात टेप लावून खेळेल. तिच्या बाबांचं म्हणणं, वर्षभर याच स्पर्धेसाठी राबलो. मला काहीच सुचत नाहीये.

डी-३०४, ९.१४
आधी डॉक्टरांना दाखवा. बाकी सगळं नंतर.

बी-१०२, ९.२१
ताई, काळजी वाटणं साहजिक आहे. पण खेळात थोडंफार दुखणारच. माझा मुलगा पहाटे साडेपाचला मैदानावर असतो. दोन वर्षांपूर्वी हाच मुलगा दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा, जेवायला चारदा हाका माराव्या लागायच्या. आता स्वतःची किट बॅग स्वतः भरतो, बूट स्वतः धुतो, रात्री दहाला झोपतो. भोर, मुळशी, हडपसर, कुठकुठली पोरं त्याचे मित्र झालीत. शून्यावर बाद झाला तरी दुसऱ्या दिवशी परत जातो. हे मी त्याला घरात बसून शिकवू शकलो नसतो. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. मेहनतीचं वय हेच. एक स्पर्धा सोडली की मूल मागे पडतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सी-४०४, ९.३८
मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लिहितेय. न तपासता निदान करत नाही, पण तू सांगतेयस तशी मुलं माझ्याकडे दर आठवड्याला येतात, म्हणून थोडं सविस्तर.

वाटीपासून निघणारा जाड स्नायुबंध खाली नडगीच्या हाडाला चिकटतो. वाढत्या वयात त्या जागेचं हाड पूर्ण कठीण झालेलं नसतं, तिथे कूर्चा, म्हणजे मऊ हाड, असते. उंची भराभर वाढते तेव्हा हाडं पुढे पळतात आणि मांडीचे स्नायू मागे राहून ताठ होतात. त्यात उड्या, लंज (पाय पुढे लांब टाकून वाकणं), अचानक थांबणं. प्रत्येक वेळी त्या मऊ जागेवर ओढ बसते आणि ती सुजते. याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. मुलींमध्ये साधारण तुझ्या लेकीच्याच वयात, मुलांमध्ये थोडं उशिरा. बहुतेकांचं वाढ पूर्ण झाली की थांबतं. अंथरुणात पडून राहायची गरज सहसा नसते. पण भार कमी करावाच लागतो. टेप लावून वेदना दबते, ओढ कमी होत नाही.

आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवच, कारण या वयात खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. त्यांनी खुबासुद्धा तपासायला हवा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप किंवा सतत लंगडणं असेल तर उद्याच जा.

एक विचारू? आठवड्याला किती तास सराव?

बी-५०३, ९.४४
सकाळी दीड तास, संध्याकाळी दोन. रविवार सुट्टी, पण रविवारी बहुतेक वेळा स्पर्धाच असते.

सी-४०४, ९.४९
म्हणजे २१ तास. क्रीडावैद्यकात एक ढोबळ नियम वापरतात, आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नसावेत. तिच्यासाठी १२. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सांगते की आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेक महिन्याने तोडून, तो ठरावीक खेळ बंद. त्या काळात पोहा, सायकल चालवा, दुसरं काहीही खेळा.

बी-१०२, ९.५३
वर्षातले तीन महिने?! तीन महिन्यांत बाकीची मुलं कुठल्या कुठे जातील.

ए-२०१, १०.०५
३१ वर्षं शाळेत खेळ शिकवला, त्यामुळे बोलतो. ‘मागे पडेल’ ही भीती मी प्रत्येक पालकाच्या तोंडून ऐकली आहे. त्यात त्यांचा दोष नाही, आपली व्यवस्थाच तशी आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, प्रत्येक पायरीवर गाळणी. पण १४ वर्षांखालच्या गटाची रांग कधी नीट बघा. एकाला मिसरूड फुटलेली असते, शेजारच्याचा आवाजसुद्धा फुटलेला नसतो. निवडीला आपण कौशल्य म्हणतो, पण त्या वयात बऱ्याचदा निवडली जाते ती लवकर झालेली वाढ. उशिरा वाढणारं पोरगं तोवर घरी बसलेलं असतं, आणि पुढे चार वर्षांनी तेच चांगलं निघालं असतं.

खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत पदक मिळवलं तेव्हा ते २६ वर्षांचे होते. त्याआधी १९४८ला लंडनमध्ये सहावे आले होते. आपल्या बालेवाडीत सराव केलेला नेमबाज स्वप्नील कुसळे २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेऊन आला तेव्हा २८ वर्षांचा होता. नीरज चोप्रा पानिपतच्या मैदानावर गेला तो वजन कमी करायला. भाला त्याच्या हातात आला तो तिथे. जिम्नॅस्टिकसारखे काही खेळ लवकर सुरू करावे लागतात, ते मान्य. बॅडमिंटनमध्ये बाराव्या वर्षी एक स्पर्धा हुकली तर काहीही बिघडत नाही.

सी-७०१, १०.११
पोरीला पोटभर जेवू घाला गं. सकाळी नुसतं दूध पिऊन जाते, मी गॅलरीतून बघते.

सी-४०४, १०.१५
आजी, हे फार महत्त्वाचं बोललात. वाढ आणि सराव दोन्हींना पुरेल इतकं अन्न मिळालं नाही तर शरीर कुठेतरी काटकसर करतं, हाडांत करतं. मुलींच्या बाबतीत खास लक्ष द्या. सराव वाढल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ‘खेळाडूंचं असंच असतं’ म्हणून सोडू नका, दाखवा. आणि या वयात मुलीसमोर वजनाचा विषय काढू नका. कोचनेही काढू नये.

ए-६०३, १०.३२
काकू, मी ग्रुपवर कधी लिहीत नाही. पण तिने दोन महिने का सांगितलं नसेल ते मला माहितीये, म्हणून लिहितो.

मी सातव्या वर्षापासून पोहायचो. राज्य स्तरापर्यंत गेलो, पंधराव्या वर्षी सोडलं. बाबा पहाटे स्कूटरवर सोडायचे. डिसेंबरात मी मागे त्यांच्या जॅकेटच्या खिशात हात घालून बसायचो. ते दिवस मला अजून आवडतात. पोहण्याने मला खूप दिलं. आज इंजिनिअरिंगची सबमिशन अंगावर आली तरी मी गडबडत नाही, कारण मोठं अंतर तुकडे करून कापायची सवय आहे.

पण चौदाव्या वर्षी खांदा दुखायला लागला. मी सहा महिने कोणाला सांगितलं नाही. दुखणं सोसत होतं. मला हिशेब सोसत नव्हता. आईने नोकरीची वेळ बदलून घेतली होती. ताईची सहल रद्द झाली होती, कारण त्याच आठवड्यात माझा कॅम्प होता. घरी कोणी कधी ओरडलं नाही. फक्त हरल्यावर परतीच्या वाटेवर कोणी बोलायचं नाही. स्वारगेटपासून घरापर्यंत बाबांची नुसती पाठ दिसायची. मला वाटायचं, आता खांद्याचं सांगितलं तर हे सगळं माझ्यामुळे फुकट गेलं असं होईल.

तुम्ही तिला काही बोलला असाल असं मी म्हणत नाहीये. मुलांना न बोलताही कळतं. आज तिने सांगितलं ना, तर तिला आधी एवढंच सांगा की बरं केलंस. स्पर्धेचं नंतर.

बी-५०३, १०.४१
बाळा, वाचून रडू आलं. महिन्याला साडेआठ हजार फी, शटल वेगळे, हे आम्ही तिच्यासमोरच मोजतो. जेवताना.

डी-३०४, १०.४४
आम्हीही. आमच्याकडे तबला आहे, पण मोजणी तीच.

बी-१०२, १०.५८
मी वाद घालायला लिहीत नव्हतो. मेहनतीबद्दल माझं मत तेच आहे. पण सी-४०४ ताई, एक विचारायचंय. मुलगा वेगवान गोलंदाजी करतो, १३ पूर्ण व्हायचेत. हल्ली सकाळी उठताना कंबर ताठली म्हणतो.

सी-४०४, ११.०६
दादा, हे गंभीरपणे घ्या. गोलंदाजी टाकताना पाठ एकाच वेळी मागे वाकते आणि पिळते. वाढत्या मुलांमध्ये त्याने कण्याच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो, सुरुवातीच्या एक्स-रेत तो दिसतोच असं नाही. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने १३ वर्षांखालच्यांसाठी एका स्पेलला, म्हणजे सलग, ५ आणि दिवसाला १० षटकांची मर्यादा घातली होती, ती याच कारणासाठी. नेटमधले चेंडूही त्यात धरायला हवेत. तो किती टाकतो?

बी-१०२, ११.०९
मोजलेलं नाही. तासभर सलग तर टाकतोच. शनिवारी मॅचनंतरही टाकत थांबला होता, मीच थांबायला सांगितलं होतं.

सी-४०४, ११.१०
मागे वाकल्यावर एका बाजूला दुखतं का ते बघा. डॉक्टर तपासेपर्यंत गोलंदाजी बंद. फलंदाजीचंही त्यांना विचारून ठरवा.

ए-२०१, ११.१७
झोपण्यापूर्वी पालकांना एकच सांगतो. कोचला तीन प्रश्न विचारायला संकोचू नका. माझ्या मुलाने आठवड्यात किती केलं, दुखलं तर तो कोणाला सांगतो, आणि मी सराव बघायला बसू शकतो का. तिसऱ्याला ‘नाही’ असं उत्तर मिळालं तर मूल तिथे ठेवू नका, कितीही नावाजलेली जागा असली तरी. चांगले कोच या प्रश्नांनी दुखावत नाहीत. माझ्या ओळखीतले कितीतरी जण स्वतःच्या खिशातून पोरांना केळी आणि अंडी देतात. त्यांना असा पालक हवाच असतो.

गुरुवार.

बी-५०३, रात्री ८.२०
सगळ्यांना कळवते. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. खुबा तपासला, तो ठीक आहे. सी-४०४ म्हणाली तेच निघालं. काही आठवडे उड्या आणि लंज बंद, मांडीचे व्यायाम रोज, मग हळूहळू कोर्टवर. रविवारचं नाव मागे घेतलं. कोच आधी नाराज झाले, मग स्वतःच म्हणाले की परत आली की संध्याकाळचाच सराव ठेवू.

घरी आल्यावर तिने पहिलं विचारलं, बाबा रागावले का. तिचे बाबा तिच्याशेजारी जमिनीवर बसले, बर्फाची पिशवी धरली आणि म्हणाले, मला राग नाही आला, मला दोन महिने दिसलं नाही याचं वाईट वाटलं. मग दोघंही बराच वेळ तसेच बसले होते.

सी-७०१, ८.२४
देव भलं करो. उद्या नाचणीची खीर पाठवते, डबा परत द्यायची घाई नको.

बी-१०२, ८.३१
आमचीही उद्या संध्याकाळची वेळ मिळाली आहे. तोवर पोरगा घरात येरझाऱ्या घालतोय.

बी-५०३, ८.३६
एक अडचण आहे. तिची दुहेरीची जोडीदार रविवारी एकेरी खेळणार आहे आणि हिला तिला बघायला जायचंच आहे. आमची गाडी गॅरेजला आहे. स्कूटरवर एवढ्या लांब पाय दुमडून नेणं नको वाटतं.

बी-१०२, ८.३८
मी नेतो. आमचंही चिरंजीव रिकामंच आहे, तोही येईल. चांदणी चौकातून रविवारी सकाळी लवकर पोचू. पावणेसातला गेटपाशी.

बी-५०३, ८.४०
ती विचारतेय, पुढची सीट मिळेल का. पाय लांब करून बसायचंय.

बी-१०२, ८.४१
पुढची तिचीच.