काळजी घेतात की लागते?

मूल दीर्घकाळ आजारी असलं की आईवडिलांच्या मनाचं काय होतं, हे मोजणाऱ्या एका प्रश्नावलीचं मराठी करतेय. २५ विधानं, प्रत्येकापुढे ० ते ४, म्हणजे 'कधीच नाही' ते 'नेहमी'. अडले ती 'काळजी'वर. माझं वाक्य होतं: 'मुलाची काळजी करण्यात माझा बराच वेळ जातो.' कच्चा खर्डा एका आईला दिला. तिने ४ वर गोल केला आणि म्हणाली, "जातोच. औषधं, वाफ, सगळं मीच बघते ना." उत्तर अगदी खरं, पण दुसऱ्याच प्रश्नाचं! बेरजेत ती उगाचच चिंतातुर ठरली असती. 'चिंता' लिहू का? मला जरा पुस्तकी वाटतं.

प्रतिसाद
नाम राहू द्या, क्रियापद बदला. काळजी घेतात ती हातांनी. वाटते, लागते ती मनाला. 'करणे' मधल्या मधे लटकतं.

प्रतिसाद
'घोर' कसा वाटतो? घोर कुणी 'घेत' नाही, नुसता लागतो.

धागालेखिका
शब्द छान आहे, पण फार जड. पर्याय विचारतात 'किती वेळा', आणि घोर आधीच सांगून टाकतो 'किती तीव्र'. ज्याला थोडीशीच पण रोज काळजी वाटते तो 'कधीच नाही'वर खूण करून मोकळा होईल. २००१ साली आलेल्या ४२ विधानांच्या दुसऱ्या एका प्रश्नावलीत ही गुंतागुंत सोडवलीय: प्रत्येक विधानाला दोन उत्तरं, असं किती वेळा घडतं आणि ते किती जड जातं.

प्रतिसाद
'अपराधगंड' मात्र कुठेही नको. गंड म्हटलं की आईवडीलच रोगी ठरतात. बोलताना लोक 'माझंच काहीतरी चुकलं असं वाटतं' एवढंच म्हणतात, तेच छापा. आणि 'जुनाट आजार'ही काढा. दोन वर्षांच्या पोराचा आजार जुनाट कसा?

धागालेखिका
पटलं, 'दीर्घकाळचा' करते. आता न सरणाऱ्या दुःखाचं काय? 'शोक' चालणार नाही, तो गेलेल्या माणसाचा. इथे मूल समोर खेळतंय.

प्रतिसाद
सल! सायमन ऑलशान्स्की यांनी १९६२ मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांबद्दल हेच मांडलं: हे दुःख आयुष्यभर पुरतं, आणि तो विकार नव्हे, स्वाभाविक प्रतिसाद आहे. बरोबरीची मुलं शाळेत जायला लागली की पुन्हा वर येणारं दुःख म्हणजे सलच की.

प्रतिसाद
शब्द नेमका, पण तरुण आईबापांना कळेल? 'मनात सलत राहतं' असं क्रियापद करून बघा. शिवाय मूळ न पाहिलेल्या कुणाकडून उलट भाषांतर, म्हणजे तुमच्या मराठीवरून पुन्हा मूळ भाषेत, करून घ्या. सलचं परत आल्यावर काय होतं ते दिसेल.

धागालेखिका
'मुलाच्या आजाराची मला काळजी वाटते' असं बदलून त्याच बाईंना दाखवलं. या वेळी जरा थांबल्या, मग ३. सलत राहणंही कळलं. 'मला राग येतो' यावर मात्र पेन खाली ठेवून विचारलं, "कुणाचा? आजाराचा, डॉक्टरांचा की ह्यांचा?"