गच्चीवर चवीचा टोमॅटो लावायचाय, वाण कोणतं घ्यावं?

खुरपं:
पुण्यात गच्चीवर १५×१५ इंची आठ ग्रो बॅगा रिकाम्या आहेत. ऊन सकाळी साडेआठपासून अडीच-तीनपर्यंत. बाजारातला टोमॅटो दिसायला लालबुंद, आठवडाभर टिकतोही, पण चव पाण्यासारखी. घरात वापर दोनच: सार आणि कच्चा कोशिंबिरीत. चार फळं कमी आली तरी चालतील, पण चव हवी. पाकिटांवर देशी, हेअरलूम, हायब्रीड असं काहीबाही लिहिलेलं असतं. नेमकं काय घ्यावं आणि बी कधी टाकावं?

सारभात:
सार आणि कोशिंबीर एकाच वाणावर भागवू नका. साराला आंबटपणा लागतो, पातळ साल आणि भरपूर रस लागतो. त्यासाठी पुसा रुबी घ्या. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं जुनं सरळ वाण आहे, म्हणजे हायब्रीड नाही, घरचं बी धरता येतं. फळ मध्यम, थोडं चपटं, अंगावर हलक्या खाचा. लागणीनंतर दोन महिन्यांच्या आसपास तोडा सुरू होतो. तोंडात पाणी सुटेल असं आंबट, शिजवल्यावर खुलतं. कच्चं खायला मात्र काहींना जास्तच आंबट लागतं.

गावठी म्हणून मिळणारा खाचाखाचांचा टोमॅटोही साराला उत्तम, पण गावठी हे काही एक वाण नाही. ज्याच्याकडून बी घ्याल त्याचं फळ आधी चाखून बघा.

दोन्हींची अडचण एकच, बोकड्या हा विषाणूचा रोग. पानं आकसतात, झाड खुजं राहतं, फुलं गळतात. हा विषाणू पांढरी माशी आणते आणि कोवळ्या रोपाला लागला तर झाड गेलंच. रोपांच्या ट्रेवर पहिल्या दिवसापासून ४० ते ५० मेशची (इंचाला तेवढी भोकं असलेली) कीटकरोधक जाळी टाका. मच्छरदाणी चालत नाही, तिच्या भोकांतून माशी आरामात आत जाते. लागणीनंतर पिवळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर बांधा आणि झाड वाढेल तसे वर सरकवा.

आंबटगोड:
साराबाबत सहमत. पण कोशिंबिरीसाठी 'हायब्रीड म्हणजे बेचव' हे डोक्यातून काढा. सनगोल्ड हा नारिंगी चेरी टोमॅटो जपानी कंपनीचा एफ-१ संकर (दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी, म्हणजेच हायब्रीड) आहे आणि गोडीत भल्याभल्या हेअरलूमना, म्हणजे पिढ्यानपिढ्या बी धरत आलेल्या जुन्या वाणांना, मागे टाकतो. उसाचा ब्रिक्स (रसातल्या साखरेचा अंदाज देणारा आकडा) बघायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर कुणाकडे असेल तर रसाचा थेंब टाकून बघा. बाजारचा टोमॅटो साधारण ४-५ दाखवतो, चांगला पिकलेला चेरी ८-९ पर्यंत जातो.

बाजारच्या फळाची चव जाते ती दोन कारणांनी. एक, जाड साल आणि टिकाऊपणा यांच्यामागे लागून केलेली निवड. काही वाणांत पिकणं लांबवणारा गुण मुद्दाम आणलेला असतो, त्यात वासही मागे पडतो. दुसरं कारण मजेशीर आहे. कच्चं फळ सगळीकडून एकसारखं फिकट हिरवं असावं म्हणून निवडलेल्या वाणांत फळातलं हरितद्रव्य कमी असतं, त्यामुळे फळ स्वतः थोडीफार साखर बनवतं तीही घटते. हे २०१२ मध्ये जनुकासकट उलगडलं. म्हणून कच्च्या फळाचा देठाकडचा खांदा गडद हिरवा असेल, तर ती खोड समजू नका.

मोठं फळ हवंच असेल तर ब्लॅक क्रिम किंवा चेरोकी पर्पल. आंबट-गोडाच्या जोडीला एक खारटसर, दाट चव असते. पण फळं मोजकी, साल नाजूक, तडकतात फार. ब्रँडीवाइनच्या वाटेला जाऊ नका, पिकायला फार वेळ घेतो आणि आपली थंडी तेवढी लांब नाही.

आठ बॅगांत: पुसा रुबी चार, सनगोल्ड दोन, ब्लॅक क्रिम एक. आठवी बॅग मेलेल्या रोपाच्या जागी.

खुरपं:
दोघांचे आभार. बी आत्ता मार्चमध्ये टाकलं तर? आणि उन्हाळ्यातली फळं वरून पिवळीच राहतात, ती वाणाची चूक की उन्हाची?

कुंडीवाला:
उन्हाची. तापमान तिशीच्या वर राहिलं की लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, पिवळं तेवढं उरतं. दिवसा ३५ च्या पुढे आणि रात्री २४ च्या वर गेलं की पराग निकामी होतात, फुलं देठापासून गळतात. म्हणून चवीसाठी मार्च नको. बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाका, २५ दिवसांची, चार-पाच पानांची रोपं सप्टेंबरअखेर लावा. डिसेंबर ते फेब्रुवारीत स्वच्छ ऊन आणि गार रात्री मिळतात, साखर तेव्हाच भरते.

एका बॅगेत एकच रोप. माती दोन भाग, कोकोपीट एक, चांगलं कुजलेलं शेणखत एक, वर निंबोळी पेंड १०० ग्रॅम. शेणखताची स्लरी दर आठवड्याला ओतायची सवय असेल तर फुलं दिसताच थांबवा. नत्र जास्त झालं की पाला जंगलासारखा, फळ फुळकवणी. फळ सुपारीएवढं झालं की ०:०:५० हे पाण्यात विरघळणारं पालाश खत लिटरला २ ग्रॅम, झाडाला एक लिटर, पंधरा दिवसांनी एकदा. केळीच्या सालांच्या पाण्याने हे काम होत नाही.

सनगोल्ड आणि ब्लॅक क्रिम वाढतच राहतात. सहा फुटी काठी आणि सुतळी लावा, बगलफूट (पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणारा कोंब) बोटाएवढी असतानाच मोडा. वारा नसेल तर सकाळी नऊ-दहाला फुलांच्या घोसाला टिचकी मारा, फळधारणा सुधारते.

चव खरी बिघडते पाण्यात. दोन इंच खोल बोट घाला, कोरडं लागलं तरच पाणी. रंग फुटू लागला की नेहमीच्या पाण्यातला तिसरा हिस्सा कमी करा. पानं दुपारी किंचित मलूल झाली तर हरकत नाही, संध्याकाळी सावरली पाहिजेत. पण दोन दिवस कोरडं ठेवून बादली ओतलीत तर फळं तडकणार. खालच्या टोकाला काळा, खोलगट डाग येतो तोही बहुधा याच अनियमित पाण्याने. कॅल्शियम मातीत असतं, पाण्याअभावी फळापर्यंत पोचत नाही. अंड्याची टरफलं त्या हंगामात कामाची नाहीत. कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम द्या, पण ०:०:५० बरोबर एकाच झारीत कालवू नका, तळाशी पांढरा साका बसतो.

सारभात:
तोडणीचं राहिलं. फळ दोन तृतीयांश रंगलं की काढून स्वयंपाकघरात, देठ खाली करून ठेवा. पूर्ण पिकेपर्यंत झाडावर ठेवलं तर बुलबुल आधी चाखतात. फ्रिजमध्ये मात्र टाकू नका, १२ अंशांखाली वास मरतो आणि बाहेर काढल्यावर पूर्णपणे परत येत नाही.

पुढच्या वर्षीचं बी पुसा रुबीच्या सर्वांत निरोगी झाडाच्या दोन-तीन फळांचं धरा. गर वाटीत दोन-तीन दिवस आंबवा, वर पांढरा पापुद्रा आला की धुऊन सावलीत ताटलीवर सुकवा. कागदावर पसरलंत तर चिकटून बसतं. सनगोल्डचं बी धरू नका, पुढच्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही.