मदत हवी आहे: बंद सरकारी आवारातली घाणेरीची (लँटाना) झुडपं कशी काढायची?

नमस्कार मंडळी. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं. गावाला लागूनच एका सरकारी कारखान्याचं कुंपण आहे. आत मोठं जंगल, सामान्य माणसाला प्रवेश बंद. तोड नाही, चराई नाही, म्हणून साग-ऐन चांगले वाढलेत. वाघही आहे. परवाच आमच्या धुऱ्यावर ओल्या मातीत ताजा पंजा उमटला होता, माझ्या हाताच्या पंजापेक्षा रुंद.

पण झाडांखाली सगळी घाणेरी माजली आहे. ती सावली करते अन् गवत उगवूच देत नाही. मग रोही (नीलगाय), रानडुकरं कुंपणाच्या फटीतून आमच्या तुरीत येतात अन् त्यांच्यामागं वाघ. जागलीला जाणारा माणूस रात्रभर जीव मुठीत धरून बसतो.

ग्रामसभेत ठरलं की आम्ही श्रमदान करू. घाणेरी वरून छाटली तर पुन्हा फुटते, म्हणून जमिनीखाली दोन-तीन बोटं मुख्य मूळ तोडून झुडूप उलटं ठेवायचं अन् पावसाआधी मारवेल, पवन्या या गवतांचं बी टाकायचं.

आता अडचण परवानगीची. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावासारखा सामूहिक वनहक्काचा (गावानं मिळून जंगल सांभाळायच्या हक्काचा) रस्ता या आवारात आम्हाला दिसत नाही. अर्ज कारखान्याकडं करायचा की वनखात्याच्या उपवनसंरक्षकांकडं? अशा आवारात कुणी काम केलंय का? अर्जाचा नमुना असेल तर कृपया पाठवा. १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो, त्याआधी जाळरेषेचंही (आग पसरू नये म्हणून मोकळा ठेवायचा पट्टा) बोलायचं आहे.