बिलीची खोली आणि आपली वन बीएचके

अमेरिकन गायिका बिली आयलिशबद्दल 'भावाच्या बेडरूममध्ये अल्बम केला वगैरे सगळं मार्केटिंग, मागे म्युझिक कंपनीचा पैसा होता' असं कुणीतरी लिहिलंय, ते निम्मंच पटलं. कंपनी होतीच. पण तिचा २०१९चा पहिला अल्बम बराचसा लॉस एंजेलिसमधल्या घरी, भाऊ फिनियसच्या खोलीतच रेकॉर्ड झालाय. त्यातल्या 'बॅड गाय' गाण्यात टिकटिकतं ते सिडनीच्या रस्त्यावरचं, पादचाऱ्यांच्या सिग्नलचं बटण! दुसऱ्या एका गाण्यात चक्क दातांच्या डॉक्टरचं ड्रिल आहे. बाई ओरडत नाहीत, माइकला चिकटून कुजबुजतात. त्यामुळे विरार लोकलमध्ये ऐकून मत बनवू नका, अर्धं गाणं गर्दीतच जातं. रात्री, बऱ्या हेडफोनवर ऐका.

२०२०च्या ग्रॅमी या अमेरिकन संगीत पुरस्कारांत चारही मुख्य पुरस्कार मिळाले तेव्हा ती १८ची होती. ठीक. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: घरच्या खोलीत भाड्याचा मीटर पळत नाही, एकच ओळ हवी तितक्या वेळा गाता येते. अंधेरीत तासाच्या हिशोबाने स्टुडिओ घेणाऱ्या पोरांना विचारा याची किंमत.

आता आपल्या वन बीएचकेत शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही रेकॉर्ड होणार, हे आहेच. त्याही वापरा की!