अर्धंच पटलं
‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेचा दुसरा सीझन संथ आहे, असं बऱ्याच जणांनी म्हटलंय. मला अर्धंच पटलं. चौथ्या भागात रूक्स रेस्ट किल्ल्याची लढाई आहे की! राजकन्या रेनिस आणि तिची ड्रॅगन मेलीस पडते तेव्हा आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या खोलीत कुणी चहाला हात लावला नाही. खरा राग शेवटाचा. पहिल्या सीझनला १० भाग, याला ८, आणि सैन्यं निघाली तोच खेळ खलास. वाट बघायची आम्हा सीमाभागवाल्यांना सवय आहे म्हणा, आमचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे! पण हॅरेनहालच्या किल्ल्यातली राजपुत्र डेमनची स्वप्नं दोन भागांत उरकली असती, तर गलेट सामुद्रधुनीतली आरमारी लढाई इथंच बसली असती.