गाण्यांचा आवाज एकसारखा करायला फाईल बदलायची की नुसता टॅग लावायचा?

मंद्रसप्तक
शफल लावलं की एक गाणं कुजबुजतं आणि पुढचं अंगावर येतं. मोठा संग्रह आहे त्या प्रत्येकाला हा त्रास आहे आणि उपाय विचारला की जो तो "नॉर्मलाईझ करून टाका" म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून धागा काढतेय. माझं म्हणणं असं की रेकॉर्डिंगला हात लावायचाच नाही. गाणं किती जोरात आहे ते मोजायचं, तो आकडा टॅगमध्ये (फाईलला जोडलेल्या माहितीत) लिहून ठेवायचा आणि आवाज वरखाली करायचं काम वाजवताना प्लेअरवर सोडायचं. रिप्लेगेन म्हणजे हेच, २००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांडलं आणि आजही तितकंच उपयोगी आहे. टॅग पुसला की फाईलमधलं गाणं जसंच्या तसं.

आणि ते नॉर्मलाईझचं बटण बऱ्याचदा फक्त पीक बघतं, म्हणजे गाण्यातलं सगळ्यात उंच टोक शून्य डेसिबलला, म्हणजे डिजिटल फाईलच्या कमाल मर्यादेला, नेऊन टेकवतं. आता समजा एक नवं दाबून मास्टर केलेलं गाणं उणे ८ लफ्सचं (लफ्स म्हणजे सरासरी जोर मोजायचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितकं जोरात) आहे आणि एक जुनं रेकॉर्डिंग उणे २० चं, आणि दोघांचंही टोक आधीपासून शून्याला आहे. पीक नॉर्मलाईझ करून काय बदललं? काहीच नाही, १२ डेसिबलचा फरक तिथेच राहिला. कानाला टोक ऐकू येत नाही हो, सरासरी जोर ऐकू येतो, आणि मोजायचा तर तोच मोजला पाहिजे.

पेनड्राईव्हवाला
मोजण्याबद्दल शंभर टक्के सहमत, टॅगबद्दल नाही. टॅग वाचणारा प्लेअर असेल तर ना हे सगळं! गाडीतला स्टिरिओ, यूएसबी लावून चालणारे छोटे स्पीकर, जुने खिशातले प्लेअर, यातले कितीतरी रिप्लेगेनकडे बघतही नाहीत. तुम्ही सगळा संग्रह स्कॅन करणार आणि मग गाडीत बसल्यावर पहिले पाढे पंचावन्न.

माझ्याकडे बहुतेक सगळं एमपी३ आहे आणि मी एमपी३गेन वापरतो. त्याबद्दल फार गैरसमज आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. ते गाणं पुन्हा एन्कोड करत नाही. एमपी३च्या प्रत्येक फ्रेममध्ये (छोट्या तुकड्यात) ग्लोबल गेन नावाचा एक आकडा असतो, तो फक्त वरखाली करतं. एक पायरी म्हणजे दीड डेसिबल. बाकीच्या डेटाला धक्का लागत नाही त्यामुळे क्वालिटी गेली वगैरे काही नाही, आणि किती पायऱ्या बदलल्या तेही फाईलमध्येच लिहिलेलं असतं म्हणजे परत मागे जाता येतं. जगातल्या कुठल्याही प्लेअरवर चालतं. मग हात लावायचाच नाही असा हट्ट कशासाठी?

मंद्रसप्तक
@पेनड्राईव्हवाला हट्ट नाही, त्यामागे कारणं आहेत. एक तर ही युक्ती एमपी३पुरती. फ्लॅकमध्ये (क्वालिटी न घालवता साठवायचा फॉरमॅट) असा आकडा नसतो, तिथे आवाज बदलायचा म्हणजे प्रत्येक सॅम्पल नव्याने लिहायचं. १६ बिटची फाईल ६ डेसिबलने खाली आणलीत की एक बिट गेलाच, नंतर परत वर नेलात तरी तो येत नाही. शिवाय फ्लॅकच्या हेडरमध्ये मूळ ऑडिओचा एमडी५ (डेटावरून काढलेला ओळखीचा आकडा) असतो, फाईल कुठे खराब झाली का हे त्यावरून कळतं. टॅग कितीही बदला, तो तसाच राहतो. सॅम्पल बदललेत की तो नव्याने तयार होणार आणि मग मूळ रिपशी (सीडीवरून उतरवलेल्या फाईलशी) ताडून बघायची सोय संपली.

दुसरं, तुमची ती मागे जायची नोंद एपीई नावाच्या प्रकारच्या टॅगमध्ये असते. एखाद्या टॅग एडिटरने एमपी३मधले एपीई टॅग साफ केले की मूळ पातळी काय होती हे सांगायला कोणी उरत नाही. आणि दीड डेसिबलची पायरी म्हणजे पाऊण डेसिबलपर्यंत चूक राहणार, अर्थात ही कानाला फारशी जाणवत नाही हे मान्य.

शांतपणे_ऐकणारा
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. मुळात आवाज एकसारखा असावाच कशाला? एक साधं उदाहरण देतो. शास्त्रीय गायनाच्या अल्बममध्ये एकाच रागाचे दोन ट्रॅक असतात, आधी विलंबित आणि मग द्रुत. विलंबित सुरू होताना नुसता तानपुरा आणि खर्जातला एखादा स्वर, तबला हलका. द्रुतमध्ये ताना, तबला भरून वाजतोय. ही चढण गायकाने बांधलेली आहे, ते गाणंच आहे. तुमच्या सॉफ्टवेअरने विलंबित वर उचललं आणि द्रुत खाली दाबलं की दोन्ही एका उंचीवर येऊन बसतात आणि विलंबितमध्ये तानपुरा गायकाच्या छातीवर बसल्यासारखा ऐकू येतो. सिंफनीचंही तेच, मंद मूव्हमेंट मंदच हवी. हाताशी व्हॉल्यूमचं बटण आहे ते फिरवा की.

खर्ज
@शांतपणे_ऐकणारा तुमचा मुद्दा बरोबर आहे पण तो ट्रॅक गेनच्या, म्हणजे प्रत्येक गाण्याला स्वतंत्र आकडा लावायच्या, विरोधात आहे, सगळ्या पद्धतीच्या विरोधात नाही. यासाठीच अल्बम गेन असतो. अख्ख्या अल्बमचा मिळून एकच आकडा निघतो आणि सगळे ट्रॅक तेवढ्यानेच वरखाली होतात, म्हणजे विलंबित आणि द्रुतमधलं अंतर जसं होतं तसंच. फूबार२००० या प्लेअरमध्ये तर क्रमाने ऐकताना अल्बम गेन आणि शफलला ट्रॅक गेन असं आपोआप बदलायची सोय आहे. फाईलमध्ये दोन्ही आकडे शेजारीशेजारी राहतात, आणि फाईल कायमची बदलली की हा पर्याय जातो, त्यामुळे मी टॅगवाल्यांच्या बाजूने. बटण फिरवायचं म्हणाल तर झोपताना ऐकणाऱ्याने दर गाण्याला उठायचं का?

शांतपणे_ऐकणारा
अल्बम गेन मान्य, त्यात नुकसान नाही. पण शफलमध्ये तेच विलंबित आलं की परत ट्रॅक गेन लागणार आणि परत तेच होणार. मी म्हणेन असं संगीत शफलमध्ये घालूच नये. आणि अजून एक, "फक्त आकडा" म्हणताय पण आकडा अधिक, म्हणजे आवाज वाढवणारा, असला की काय होतं ते कोणी बोलत नाही. क्लिपिंग!

खर्ज
बरोबर, हे नीट समजून घ्यायला हवं. रिप्लेगेन २.० चं लक्ष्य उणे १८ लफ्स. एखादा हळू ट्रॅक उणे २५ चा असेल तर ७ डेसिबल वाढवायचे. पण त्याचं पीक उणे २ वर असेल तर फक्त २ डेसिबल जागा आहे, त्यावर गेलात की टोकं छाटली जातात आणि आवाज फाटतो. म्हणून टॅगमध्ये पीकही लिहितात आणि प्लेअरमध्ये क्लिपिंग टाळायचा पर्याय असतो, तो चालू असेल तर ७ ऐवजी २ च वाढवतो. आता हा ट्रॅक बाकीच्यांपेक्षा ५ डेसिबल हळूच राहिला, हे खरं. ते नको असेल तर लक्ष्यच खाली न्या, उणे २३ ठेवा आणि ॲम्प्लिफायर वाढवा. स्पॉटिफायचं नेहमीचं लक्ष्य उणे १४ आहे, तिथे हळू गाण्यांना वर यायला जागा आणखी कमी. घरच्या संग्रहात आपल्याला कोणाशी जोराची स्पर्धा करायची नाहीये, खाली राहिलेलं बरं.

तंतुवाद्य
एक मुद्दा राहिला. टॅग कुठल्या पद्धतीने मोजलेत ते बघा, नाहीतर टॅग लावूनही फरक राहतो आणि लोक टॅगला नावं ठेवतात. जुनं रिप्लेगेन ५० मिलिसेकंदांचे तुकडे करून त्यातली ९५ टक्क्यांवरची पातळी धरायचं, म्हणजे गाण्यातल्या जोरदार भागावर भर. नवं आयटीयूच्या बीएस.१७७० या आवाजाचा जोर मोजायच्या मानकावर चालतं, ४०० मिलिसेकंदांचे तुकडे, सरासरी, आणि फार शांत तुकडे गेट लावून वगळतं. लांब शांत सुरुवात असलेल्या गाण्याचे दोन्हींत वेगळे आकडे येऊ शकतात. अर्धा संग्रह जुन्या टूलने आणि अर्धा नव्याने केला असेल तर सगळा एकाच टूलने परत स्कॅन करा, मी आरएसगेन वापरतो.

ओपस (ऑडिओचा आणखी एक फॉरमॅट) फाईल असतील तर अजून एक. त्यातल्या आर१२८ नावाच्या, रिप्लेगेनसारख्याच टॅगचं लक्ष्य उणे २३ असतं, उणे १८ नाही. प्लेअरने हा फरक धरला नाही तर ओपसची सगळी गाणी बाकीच्यांपेक्षा बरोबर ५ डेसिबल हळू वाजतात. नेमका ५ चा फरक दिसला की आधी हेच तपासा.

पेनड्राईव्हवाला
हे सगळं वाचून माझंच म्हणणं पक्कं होतंय! कुठला टॅग, कुठलं लक्ष्य, कुठला प्लेअर काय धरतो, सामान्य माणसाने किती गोष्टी सांभाळायच्या? ग्लोबल गेन एकदा बदला आणि विसरा.

मंद्रसप्तक
गाडीसाठी तुमचं बरोबर आहे, तिथे दुसरा मार्ग नाही हे मी मानते. मग असं करा, मूळ संग्रह टॅग लावून तसाच ठेवा आणि पेन ड्राईव्हवर जाणारी कॉपी तेवढी एमपी३गेनने करा. फ्लॅक असेल तर एमपी३ करतानाच आवाज लावून घ्या, नाहीतरी तिथे नवी फाईल बनतेच आहे. इंजिनाच्या आवाजात विलंबित ऐकू यायचं तर त्या कॉपीला ट्रॅक गेन लावलात तरी माझी हरकत नाही.

पेनड्राईव्हवाला
म्हणजे दोन संग्रह सांभाळायचे. नवा अल्बम आला की दोन्हीकडे टाका, नाव दुरुस्त केलं की दोन्हीकडे करा. तुम्ही कराल, मी नाही करणार. मूळ सीड्या कपाटात आहेत, लागलंच तर परत रिप करेन.

खर्ज
सीड्या आहेत तोवर ठीक. ज्यांच्याकडे फाईल हीच एकमेव प्रत आहे, कॅसेटवरून उतरवलेलं किंवा आता कुठेच न मिळणारं काही, त्यांनी हे ऐकून तसल्या फाईलवर गेन चालवू नका, एवढी कळकळीची विनंती.