आबांची 1984 ची प्रिया स्कूटर भंगारात जाण्यापासून वाचवलीय, आता सुरुवात कुठून करू?

गोडोलीची_लेक

आमच्या आबांची बजाज प्रिया आहे, 1984 ची, निळी. साताऱ्यात गोडोलीच्या घरी पडवीत सात वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. आबा दोन वर्षांपूर्वी गेले, बाबा त्यांच्याही आधी. आता घराची आवराआवर चाललीय आणि परवा थोरले काका फोनवर म्हणाले भंगारवाला येणारे, स्कूटर पण देऊन टाकू, जे काय दोन-तीन हजार येतील ते येतील. मी पटकन म्हणाले काका ती मला ठेवा, मी बघते काय करायचं ते. काका काही बोलले नाहीत, म्हणजे हो समजायचं.

आता मी पुण्यात असते, ॲक्टिव्हा चालवते, गिअरची स्कूटर आयुष्यात कधी चालवली नाही. पण ही गाडी मला हवीय, आणि हॉलमध्ये शोसाठी उभी करायला नाही तर चालवायला हवीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, प्रिया साताऱ्यातच बनायची. 1975 मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स काढली, तिचा कारखाना आपल्या साताऱ्यात. आबा म्हणायचे ही साताऱ्याची लेक आहे, हिला सासरी पाठवायची नाही. ते कोरेगावला शाळेत शिक्षक होते, रोज सातारा-कोरेगाव-सातारा हिच्यावर. रविवारी सकाळी पडवीत पेपर पसरून प्लग काढायचे, बाबा पाना हातात द्यायचे आणि मी उजेडासाठी बॅटरी धरायची. बॅटरी हलली की आबा ओरडायचे नाहीत, नुसतं वर बघायचे.

काल त्यांचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला. आत प्लगपाना, दोन-तीन पाने, फिलर गेज (बारीक फट मापायच्या पात्या), सुतळीनं बांधलेली एक नवीकोरी वायर, ऑइल मापायचं एक झाकण आणि एक वही. वहीत प्रत्येक वेळचं पेट्रोल लिहिलंय, तारीख, किलोमीटर, किती लिटर, किती ऑइल, कुठल्या पंपावर. मधल्या काही पानांवर अक्षर बदलतं, ते बाबांचं आहे, कॉलेजला असताना गाडी त्यांच्याकडे होती तेव्हाचं. मग परत आबांचं. शेवटच्या पानावर पेट्रोलची नोंदच नाही, फक्त "क्लच वायर बदलणे" एवढंच लिहिलंय.

तर मला विचारायचंय, सात वर्षं बंद गाडी चालू करताना आधी काय करायचं म्हणजे काही तुटणार नाही? पूर्ण रंग काढून नवीन करावी का आहे तशीच ठेवावी? आणि कागदांचं काय, आरसी आबांच्या नावावर आहे, मुदत कधीच संपलीय आणि त्यावर एका पतसंस्थेचा बोजा दिसतोय जो आबांनी 1987 लाच फेडला होता.

---

नाक्यावरचा_मिस्त्री

ताई पहिली गोष्ट, किक मारू नका. कुणी पाहुणा आला आणि म्हणाला बघू मारून एक किक तर त्यालाही मारू देऊ नका. सात वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, जोर लावला की रिंग तुटते नाहीतर भिंतीला ओरखडा जातो, मग बोअरिंगचा, म्हणजे सिलिंडर आतून कापून घ्यायचा खर्च.

प्लग काढा, भोकातून दोन चमचे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये घालतात ते) सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लग बाहेरच ठेवून गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हातानं हळू पुढं-मागं ढकला. पिस्टन सुटला की ढकलताना भोकातून फस् फस् हवा येते. सुटला नाही तर परत ऑइल घाला आणि अजून एक दिवस थांबा, घाई करायची नाही.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, ते आता वार्निशसारखं झालं असणार, वासच सांगेल. आत गंज असेल तर टाकी गाडीवरून उतरवून, कॉक काढून, आत मूठभर नट आणि थोडं पेट्रोल घालून चांगली खळखळवायची, पेट्रोल लाल येतंय तोवर परत परत. कार्बोरेटर पूर्ण खोला, जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी) हवेनं फुंकून साफ करा. तार घालू नका, जेटचं भोक पितळेचं असतं, एकदा मोठं झालं की गाडी कायम जास्त पेट्रोल पिणार.

मग पॉइंट, म्हणजे प्लगला ठिणगी मिळावी म्हणून उघडझाप करणारे दोन तुकडे. फ्लायव्हीलला खिडकी असते, त्यातून पॉइंट दिसतात. त्यावर पांढरट थर आला असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि फाटा (मधली फट) 0.4 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. आबांचं फिलर गेज त्याच कामाचं आहे, त्याच्या पात्यांवर आकडे आहेत ते बघा. प्लगचा फाटा 0.6.

गाडी चालू झाली आणि रेस आपोआप चढत गेली, किंवा पांढरा धूर थांबतच नाही, तर क्रँकची ऑइल सील गेली समजा. बंद गाडीत सील वाळून कडक होतात. टू-स्ट्रोकला हे फार वाईट, बाहेरची हवा ओढून मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो. सील स्वस्त आहेत, इंजिन उतरवलंच तर दोन्ही बदलून घ्या.

आणि चाक. ह्या गाडीची रिम दोन तुकड्यांची असते, नटांनी जोडलेली. हवा पूर्ण काढल्याशिवाय ते नट सोडू नका, हवा असताना रिम उघडली की तुकडा तोंडावर येतो. माझ्या वडिलांचा हात ह्यातच फुटला होता, त्या दिवसापासून गॅरेजमध्ये आधी व्हॉल्व्ह मग पाना हा नियम. टायर सात वर्षांचे असतील तर नक्षी कितीही चांगली दिसू दे, बदला.

अजून एक, आताच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं. पेट्रोलची नळी, कार्बोरेटरचे वॉशर, कॉकचं रबर नवीन घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो.

---

कराडकर_50

कागदांचं मी सांगतो, वडिलांच्या गाडीसाठी हे सगळं नुकतंच करून बसलोय.

मालक वारल्यावर वारसानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि 3 महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी नावावर करायची असा नियम आहे. तुमची मुदत गेलीय, पण काम होतं, फक्त उशिराचे पैसे पडतात. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी बुक, तुमचं आधार, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकी वारसांची संमती लागते. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. काका, आत्या जे कोणी आहेत त्यांच्या सह्या आत्ताच घ्या, घराची वाटणी सुरू झाल्यावर स्कूटरच्या कागदावर सही मागायला गेलात तर माणसं विचार करत बसतात.

बोजा उतरवायला फॉर्म 35 आणि पतसंस्थेची एनओसी. संस्था बंद पडली असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात जाऊन तिचं दप्तर कुणाकडे आहे ते विचारा. मला यातच अडीच महिने गेले, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, पण शेवटी पत्र मिळालं. आबांनी कर्ज फेडल्याची पावती ठेवली असेल तर सोनं आहे, ती वही लिहिणारा माणूस पावती टाकणार नाही, नीट शोधा.

तुमचा नंबर जुना, 1989 च्या आधीचा, एमएच-11 यायच्या आधीचा. तो बहुतेक ऑनलाइन दिसणार नाही, तर आधी बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) करून घ्या, त्याशिवाय पुढचं काहीच सरकत नाही. मग फॉर्म 25 वर नूतनीकरण, ते 5 वर्षांसाठी होतं, गाडी दाखवायला न्यावी लागते. सोबत पर्यावरण कर, पीयूसी आणि थर्ड पार्टी विमा, 75 ते 150 सीसीला 2022 मध्ये ठरलेला वर्षाचा हप्ता 714 रुपये अधिक कर होता. नवीन सुरक्षा नंबरप्लेट पण लागेल. गाडी आरटीओत न्यायची तर टेम्पोतून न्या, मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणू नका.

कुणीतरी म्हणेल व्हिंटेजमध्ये टाका. त्याला 50 वर्षं लागतात, तुमची 2034 ला होईल. 20 हजार फी आहे आणि ती नोंदणी झाली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली वगैरे. तुम्हाला चालवायचीय तर तो रस्ता तुमचा नाही.

---

पलूसचा_इंजिनवाला

रंगाबद्दल बोलतो. करू नका.

आमच्याकडे विहिरीवर आजोबांचं किर्लोस्करचं डिझेल इंजिन आहे, 5 हॉर्सपॉवर, एव्ही-1. किर्लोस्करवाडी आमच्या गावापासून जवळच, त्यामुळं आमच्या भागात एकेकाळी प्रत्येक मळ्यात एक आवाज यायचाच. लाइट आली, मोटारी बसल्या, सगळ्यांनी इंजिनं विकली, आजोबांनी विकलं नाही. हँडल लावायचं, डिकंप्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका वर करायचा, फ्लायव्हीलला वेग आला की खटका पाडायचा आणि हँडल लगेच सोडायचं. मला हे आजोबांनी दहावीच्या सुट्टीत शिकवलं, पण आधी आठ दिवस नुसतं बाजूला बसवलं होतं, म्हणाले आवाज ऐक. लोड आल्यावर कसा बदलतो, पाणी तुटल्यावर कसा बदलतो, नोझल खराब झाल्यावर कसा बदलतो. आठव्या दिवशी त्यांनी मुद्दाम फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या तळाचा) थोडा उचलला आणि मी बघायच्या आधीच ओळखलं पाणी तुटलं म्हणून. मग हँडल हातात दिलं.

ते गेल्यावर चुलत भावानं प्रेमानंच, चांगल्या मनानं, इंजिन घासून हिरवंगार रंगवून आणलं. बघायला छान दिसतं. पण आजोबांनी टॅपेटच्या झाकणावर छिन्नीनं मारलेल्या खुणा होत्या, कुठला नट किती आवळायचा त्याच्या, त्या लांबीच्या (पुट्टीच्या) थराखाली गेल्या. मला तीनच आठवतात, बाकीच्या गेल्या त्या गेल्या. म्हणून म्हणतो ताई, स्कूटरवर कुठं खूण, ओरखडा, पोचा असेल तर आधी घरातल्या मोठ्या माणसाला विचारा हा कशाचा आहे. गंज असेल तिथं घासून मेण लावा, आतल्या बाजूला ऑइलचा हात फिरवा, बस झालं.

---

सांगलीवाडी_बुलेट

वरच्या दादांचं पटलं पण एक सांगतो, पत्रा कुजत असेल तर रंग टाळू नका. आमच्या वडिलांची 350 बुलेट, उजव्या पायात गिअरवाली, 2019 च्या पुरात सहा दिवस पाण्यात होती. कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आमच्या घरात तर पहिला मजला राहिला एवढंच. पाणी उतरल्यावर मी चिखलातच किक मारायला गेलो तर वडिलांनी हात धरला. पाणी दबत नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारली की कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी काढलं, डिझेल घालून ठेवलं, ऑइल तीनदा बदललं. महिन्यानं चालू झाली. पण चेसिसच्या खालच्या बाजूला गंज आत शिरला होता, तिथं खरवडून प्रायमर मारून रंग द्यावाच लागला. फ्लोअरबोर्डच्या खाली बोटानं दाबून बघा, स्कूटर तिथंच आधी कुजते. पत्रा टणक असेल तर पलूसवाल्यांचं ऐका, कुरकुर वाजला तर रंगवा.

आणि चालवायला तुम्हीच शिका. माझे वडील ॲम्पिअरचा काटा मध्ये आला की डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन किंचित पुढं न्यायचे, मग खटका सोडून एकच किक. मी शेकडो वेळा बघितलं होतं तरी माझ्या पायाला ते यायला वर्ष गेलं.

---

गोडोलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवार-रविवार गोडोलीतच होते, काय झालं ते लिहिते.

पिस्टन दुसऱ्या रात्रीनंतर सुटला. मीच ढकलत होते, आणि तो फस् असा आवाज आला तेव्हा काका पायरीवर चहा पीत बसले होते, ते उठून आले आणि दुसऱ्या बाजूनं हात लावला. फ्लोअरबोर्ड दाबून बघितला, टणक आहे, त्यामुळं रंग नाही. डाव्या डिकीवर पोचा आहे त्याबद्दल काकांना विचारलं, म्हणाले कोरेगाव रोडला बैलगाडीचं जू लागलं होतं, ते स्वतः मागं बसले होते, सहावीत होते. हे मला माहीतच नव्हतं.

सह्या झाल्या, काका आणि आत्या दोघांच्याही. पतसंस्थेची पावती आरसी बुकाच्या कव्हरमध्ये घडी करून होती, कराडकर तुम्ही बरोबर बोललात. सोमवारी उपनिबंधक कार्यालयात जातेय.

डब्यातली सुतळीनं बांधलेली वायर मी गिअरची समजत होते. शेजारच्या गॅरेजवाल्या काकांना दाखवली तर म्हणाले, गिअरच्या वायरची गुंडी लहान असते, ही मोठी आहे, ही क्लचची. म्हणजे आबांनी ती आणून ठेवली होती. पुढच्या रविवारी तीच घालणार आहोत, काका म्हणालेत ते येतात, बॅटरी मी धरीन.

आता एक अडलंय. डाव्या डिकीच्या कडेची रबराची पट्टी पूर्ण तडकलीय. साताऱ्यात दोन दुकानं फिरले, चेतकची मिळते पण बसत नाही. सांगली-मिरजेत कुणाकडे जुनी प्रियाची मिळेल का, किंवा चेतकची कापून बसवलीय का कुणी?